अर्धी मात्रा

हिर्डोशीच्या वर, तासाभराच्या चढणीवर धनगरांचा एक वाडा होता. वाडा म्हणजे सहा-सात छपरं आणि त्यांच्याहून मोठे म्हशींचे गोठे. बाजी ढेबे तिथला. आई लवकर गेल्यामुळे थोरल्या बहिणीनं, बयाबाईनं, त्याला वाढवलं. खालच्या शाळेत तो एकटा जाईना, म्हणून तीच त्याला पोचवायला उतरायची आणि शाळा सुटेपर्यंत ओढ्याकाठी गवत कापत बसायची. त्या चार इयत्तांच्या जोरावर बाजी भोरच्या गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून लागला.

चोपन्न साली दवाखान्यात पेनिसिलीन आलं. त्याआधी म्हशीला दगडी झाली, कास टणक होऊन दुधातून गाठी पडायला लागल्या, की ते थान गेलंच म्हणायचं. आता डॉक्टरसाहेब थानात औषध सोडायचे आणि चौथ्या दिवशी पांढरंशुभ्र दूध यायचं. साहेबांना डोंगर चढणं जमत नसे. ते औषध बाजीकडे द्यायचे आणि बजावायचे, एका म्हशीला एक बाटली, तीन दिवस पुरी.

पण बाजी वाड्यावर पोचायचा तेव्हा एकीच्या जागी तीन म्हशी आजारी असायच्या आणि तिघींचे धनी हात जोडून उभे असायचे. ते सगळे त्याच्याच रक्ताचे. एकाला देऊन दोघांना माघारी लावायचं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून तो एक बाटली तिघींत वाटायचा. म्हशी तेवढ्यानंही उठायच्या. महिन्याभरानं पुन्हा बिघडल्या, तर पुन्हा थोडं थोडं द्यायचं. लोक म्हणायचे, बाजीच्या हाताला गुण आहे. बयाबाई तर शेजारणींना सांगताना थकत नसे.

सत्तावन्न साली औषध चालेनासं झालं. आधी एका वाड्यावर, मग शेजारच्या दोन वाड्यांवर. साहेबांना वाटलं, औषधच उन्हानं खराब झालं असेल. नवी पेटी आणली, तरी तेच. तेव्हा त्यांनी पुण्याच्या प्रयोगशाळेला लिहिलं आणि बाजीला नमुने गोळा करायला लावलं. थान धुऊन, पुसून, उकळलेल्या बाटलीत चार धारा घ्यायच्या, वर बूच आणि म्हशीच्या धन्याचं नाव. ओल्या फडक्यात गुंडाळून तो त्या बाटल्या डोंगरावरून उतरवायचा आणि एसटीनं पुण्याला न्यायचा.

अठ्ठावनच्या ज्येष्ठात तिथल्या एका बाईंनी त्याला काचेच्या दोन ताटल्या दाखवल्या. त्यांत दुधातले जंतू वाढवले होते आणि मधोमध पेनिसिलीनमध्ये भिजवलेला कागदाचा ठिपका ठेवला होता. पहिल्या ताटलीत ठिपक्याभोवती स्वच्छ गोल पडला होता. तिथले जंतू मेले होते. दुसऱ्या ताटलीत जंतू थेट ठिपक्याला जाऊन भिडले होते.

बाईंनी सांगितलं, औषध कमी पडलं की दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. मग कुणी अर्धी मात्रा दिली होती का, असं त्यांनी विचारलं.

बाजी म्हणाला, "ठावं न्हाई."

तो भोरला परतल्यावर साहेबांनी त्याला काम लावून दिलं. वाड्यावाड्यावर सांगायचं, आजारी म्हैस शेवटी पिळायची, तिचं दूध टाकून द्यायचं, हात साबणानं धुवायचे, हाताला जखम असेल तर तिच्या कासेला शिवायचं नाही. पण हे सांगायचं तर लोक विचारणार, औषध असताना एवढं कशाला? आणि मग सगळंच सांगावं लागणार. बाजीनं ते पोटात ठेवलं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता आषाढ-श्रावण गेले. पावसात वाटा निसरड्या झाल्यात, एवढं निमित्त त्याला पुरलं.

भाद्रपदात बयाबाईच्या बोटाला विळा लागला. तिच्या गोठ्यात दोन म्हशी आजारी होत्या आणि दोन्ही तीच पिळायची. चार दिवसांत हात खांद्यापर्यंत सुजला. तिचा नवरा रायबा मरगळे आणि तिघं जण तिला झोळीत घालून खाली घेऊन आले. भोरच्या माणसांच्या दवाखान्यात पेनिसिलीन दिलं, पुरतं दिलं. ताप उतरला नाही. सहाव्या दिवशी ती गेली. जाताना तिला एवढंच समाधान होतं, की बाजी उशाशी आहे, म्हणजे औषधाची काळजी नाही.

बाजीनं तिथल्या डॉक्टरांना विचारलं, हा म्हशीचाच जंतू होता का? ते म्हणाले, असेल, नसेलही. नमुना घेतला असता तर कळलं असतं. शंभरावर म्हशींचे नमुने बाजीनं पुण्याला नेले होते. बहिणीच्या जखमेतला थेंबभर पू घ्यायचं त्याला सुचलं नव्हतं.

तेराव्याला सगळे वाडे जमले असताना तो उभा राहिला आणि पहिल्या बाटलीपासून सगळं सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. म्हादू नावाचा म्हातारा म्हणाला, "आमीच हात जोडलं व्हतं तुज्याम्होरं." पण रायबा उठून गोठ्यात गेला आणि त्यानंतर बाजीशी एक शब्द बोलला नाही.

साहेबांनाही बाजीनं सांगितलं. त्यांनी एक कोरी वही त्याच्या हाती दिली. दर महिन्याला तो अकरा वाड्यांवरून नमुने आणू लागला. कुठं औषध लागू पडतं, कुठं नाही, हे वहीत उतरवू लागला. धार काढण्याआधी तो प्रत्येक बाईचे हात बघायचा. ज्या हातावर चीर दिसे, त्या बाईला त्या दिवशी म्हशीजवळ जाऊ देत नसे. काही जणी हसायच्या. त्याला हसू येत नसे.

साठ सालच्या माघात रायबा दवाखान्याच्या पायरीशी आला. त्याच्या हातात बाटली होती, नीट बूच लावलेली.

"माज्या म्हशीचं हाय," तो म्हणाला. "त्योच हाय का बघ."

तोच होता, पेनिसिलीनला न जुमानणारा जंतू. पण पुण्याहून आलेल्या कागदावर दुसऱ्या औषधाचं नाव होतं, त्या जंतूवर चालणारं. साहेबांनी ते मागवलं. बाजीनं तीन दिवस रायबाच्या गोठ्यात राहून पुरी मात्रा दिली. एक थान गेलं, म्हैस वाचली.

निघताना रायबानं विचारलं, "ह्ये औशद तवा असतं, तर बया राहिली असती?"

"ठावं न्हाई, दाजी," बाजी म्हणाला. या खेपेला ते खरं होतं.

रायबानं मान हलवली आणि चुलीवरचा चहा त्याच्यापुढे सरकवला. दोघंही प्यायले. मग बाजीनं बाटल्यांची पिशवी खांद्याला लावली, कारण पुढच्या वाड्यावर धारा काढायची वेळ होत आली होती.