दोस्तांचा भाव

कोणी भाव विचारला की तो आधी पटक्याच्या टोकानं डोळे पुसायचा आणि मान खाली घालून म्हणायचा, "तुमच्याकडून काय घ्यायचं?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतःच्या कामाचे पैसे मागताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटतं. परक्याशी ती नीट बोलतात, पण ओळखीचा समोर आला की जीभ अडते. आणि नांदूरघाटात त्याच्या ओळखीचे नव्हते असे लोक फार थोडे.

त्याचं आणि माझं घर एकमेकांना लागून होतं. तो जातीनं धनगर, पण मेंढरं बापाच्या हयातीतच रोगानं गेली होती. तरुणपणी तो एका जहागीरदाराच्या शिकारीच्या तळावर चार-पाच वर्षं राबला. तिथल्या म्हाताऱ्या बावर्च्यानं त्याला मांसाला धुरी द्यायला शिकवलं. गावी परतल्यावर त्यानं घरामागं कुडाचं एक खोपट घातलं. मांसाच्या बोटभर जाडीच्या पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळून दोरीला लटकवायच्या आणि खाली बाभळीची लाकडं नुसती धुमसत ठेवायची. जाळ झाला तर मांस भाजून निघतं, धूर सरला तर माशी बसते. त्यामुळं दोन-दोन दिवस खोपटाच्या तोंडाशी बसून राहावं लागे. त्याचे डोळे बारा महिने लाल असत. नवखा माणूस त्याला दारुडा समजे. दारूला तो शिवतही नव्हता.

आम्ही तिघं त्याचे दोस्त. पाटलाचा पुतण्या, ज्याच्याकडं बंदूक होती. एक गाडीवान, जो बीडपर्यंत भाडी मारायचा. आणि मी, पटवाऱ्याच्या हाताखाली लिहिणारा. चौघांनी एकाच तालमीतली माती अंगाला लावलेली. बोकड कापला, ससे-डुक्कर मिळालं, की आम्ही ते त्याच्या दारात नेऊन टाकायचो आणि तिसऱ्या दिवशी तयार मांस घेऊन यायचो. वर त्याच्याच ओसरीवर बसून चहा प्यायचो.

एकदा त्याची बायको बाहेर आली. बोलायला फटकळ बाई.

"भावजी, मीठ काय माझ्या माहेराहून येतं व्हय? लाकडं काय फुकट पडलीत?"

"गप बस," तो म्हणाला.

"तुमी गप बसता म्हणून मला बोलावं लागतंय."

दुसऱ्या दिवशी तो आम्हाला गाठायला चावडीच्या कट्ट्यावर आला. "ती रोज भांडतीय. तुमीच तिघं बसून ठरवा, काय द्यायचं ते. तुमी म्हणाल ते मला कबूल हाय." एवढं बोलून तो लगेच निघून गेला. आपल्यासमोर आम्हाला संकोच नको, असा त्याचा विचार.

आम्ही बसलो. पाटलाचा पुतण्या म्हणाला, "बंदूक माझी, छर्रा माझा, अन् मीच पैसे देऊ?" गाडीवान म्हणाला, "बोकडामागं चार आणे देऊन टाकू." मग मी बोललो. ते दोघं आता नाहीत, त्यामुळं हे मी लपवलं तर कुणाला कळणार नाही. मी म्हणालो, "चार आणे बाजारच्या माणसाला. दोस्तांनी फक्त मीठ आणून द्यावं. दोस्तीत पैसा घातला की दोस्ती नासती." हे दोघांना एकदम पटलं. चार बुकं शिकल्याचं सार्थक झाल्यासारखं मला वाटलं.

निकाल मीच त्याला सांगितला. त्यानं डोळे पुसले. "बरं हाय," म्हणाला.

पुढं मीठ मी दोनदा नेलं, गाडीवानानं एकदा. पाटलाच्या पुतण्यानं कधीच नेलं नाही.

घर चालेना तेव्हा तो दिवसा दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाऊ लागला आणि खोपटाशी त्याची बायको बसू लागली. पावसाळ्यात लाकडं ओली. काळाकुट्ट धूर निघायचा. भिंतीपलीकडून मला तिचा खोकला ऐकू यायचा. आधी कोरडा होता, मग तिच्या थुंकीत रक्त दिसू लागलं. खोपटात तेव्हा आमचंच डुक्कर लटकत होतं.

तो गाडीवानाकडं गेला. मी तिथंच होतो.

"तिला केजला हकिमाकडं न्यायचंय. गाडी जुंपतो का?"

"उद्या मांजरसुंब्याचं भाडं हाय."

"मग परवा?"

"परवा नेऊ. पण बैलाला वैरण लागती, गड्या. तू दोस्त हायस म्हणून पुरं न्हाई घेत. निम्मंच दे."

तो घरी जाऊन तांब्याची घागर घेऊन आला. गाडीवानानं ती ठेवून घेतली.

हकिमानं पुड्या दिल्या. येताना वाटेतच, गाडीत, ती गेली. घागर गाडीवानानं परत केली नाही आणि त्यानंही कधी मागितली नाही.

त्या हिवाळ्यात पाटलाच्या पुतण्यानं जहागिरीच्या राखीव रानात काळवीट मारलं. त्या रानात शिकारीला सक्त मनाई होती. अंधार पडताना आम्ही ते त्याच्या दारात नेऊन टाकलं. त्यानं एकवार जनावराकडं पाहिलं, मग आमच्याकडं. त्या दिवशी त्यानं डोळे पुसले नाहीत.

"आठ आणे."

"कुणाला बे?" पुतण्या हसला.

"सगळ्यायला."

"दोस्ताला बी?"

"दोस्ताला बी आठ. परक्याला बी आठ."

ती थट्टा समजून आम्ही निघून आलो. तिसऱ्या दिवशी मांस न्यायला गेलो तर तो खोपटाच्या दारात आडवा उभा.

"पैले पैसे."

"आमचं मटण आमालाच इकतो का रं?" पुतण्या ओरडला.

"मटण तुमचंच हाय. धूर माझा हाय."

माझ्या बंडीच्या खिशात तेव्हा आठ आणे होते. हात खिशापर्यंत गेलाही होता. पुतण्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मी हात मागं घेतला.

दोन दिवसांनी हवालदार दोन शिपाई घेऊन आला. खबर पुतण्यानंच दिली होती. हवालदार त्याच्या उठण्याबसण्यातला, त्यामुळं आपलं नाव येणार नाही ही त्याला खात्री. शिपायांनी खोपट मोडलं, मांस काढलं आणि आमच्या दोस्ताला चावडीवर आणून बसवलं. सारा गाव जमला. आम्ही तिघं पुढंच होतो.

"ये हरन किसने मारा?" हवालदारानं विचारलं.

त्यानं आमच्याकडं पाहिलं. एकेकाकडं, सावकाश. माझ्यावर त्याची नजर जरा जास्त थांबली. मी पटवाऱ्याच्या हाताखालचा माणूस. मी एक शब्द बोललो असतो तर तो कागदावर आला असता.

"म्या मारलं," तो म्हणाला.

"बंदूक किधर है?"

"बंदूक न्हाई, साहेब. गोफणीनं मारलं."

हवालदार खो खो हसला. शिपाई हसले, मग गाव हसलं. पुतण्या मांडीवर थाप मारून हसला. मीही हसलो. तोंडावर आपोआप हसू येतं म्हणतात ना, तसं ते नव्हतं. ते मी मुद्दाम आणलं होतं.

त्यानं आमची नावं का घेतली नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केला. दोस्तीखातर, असं मनाशी म्हणून पाहिलं; बरं वाटलं, पण ते खरं नसावं. पाटलाच्या घराचं नाव घेतलं असतं तर आणखी मार बसला असता, हे त्याला कळत होतं. आणि घरी वाट पाहणारं आता कुणी नव्हतं.

त्याला केजला महिनाभर कोंडून ठेवलं. मांस हवालदारानं नेलं, निम्मं पाटलाच्या घरी पोचलं. सुटल्यावर तो गावी आलाच नाही. तिकडं तलवाड्याला त्याची धाकटी बहीण होती, तो तिच्याकडं गेला असं ऐकलं.

दोन वर्षांनी पटवाऱ्याच्या कामासाठी मला गेवराईला जावं लागलं. तिथून तलवाडा जवळ, म्हणून गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होतो. घर विचारत विचारत पोचलो तर बहीण अंगण सारवत होती. तो महिन्यापूर्वी वारला होता. छातीत काही राहिलं नव्हतं, म्हणाली.

मी माझं गाव सांगितलं. ती हात धुऊन लगबगीनं उठली.

"नांदूरघाटचे? म्हंजी दादाचे दोस्त तुमी! तालमीतले! दादा लई सांगायचा तुमचं. बसा, बसा. येवढ्या लांबून आलाव, जेवल्याबिगर जाऊ देणार न्हाई."

तालमीच्या पुढचं त्यानं तिला काहीच सांगितलं नव्हतं. मी सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिनं घोंगडी अंथरली आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मी पाय धुतले आणि बसलो.

भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. मी दोन खाल्ल्या, आणि ती आग्रह करू लागली तेव्हा तिसरीही घेतली.