परातीतलं ऊन

"दिसलं त्याला," एवढं म्हणून मामी परात खाली घ्यायच्या. त्याआधी त्यांना काही विचारलं तर उत्तर मिळत नसे. परात दोन्ही हातांनी छातीसमोर धरलेली, मान जराशी कलती, एक डोळा तलावाच्या पाळेवर आणि दुसरा पाण्यापलीकडच्या रस्त्यावर. उगवतीचं ऊन परातीवर पडायचं आणि पाणी ओलांडून एस.टी.च्या काचेवर जाऊन लागायचं. गाडी थांबायची. मग मामी त्याच परातीत भाकरीचं पीठ घ्यायला घरात जायच्या.

जाफराबादकडून सकाळच्या गाडीने तुम्ही कधी जालन्याला आला असाल, तर तलावाजवळ गाडी उगाच खोळंबलेली तुम्हीही पाहिली असेल. गाडीत बसून तुम्ही ड्रायव्हरला दोन शब्द सुनावलेही असतील. पलीकडच्या काठावर परात होती, हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही.

आमची वस्ती तलावाच्या मावळतीच्या काठावर आहे. जुनी घरं शेतकऱ्यांची. त्यांच्या जमिनीचा एकेक तुकडा तलावात गेलेला, उरलेल्यात कपाशी आणि सोयाबीन. नवी घरं प्लॉटवाल्यांची. त्यांत माझ्यासारखे शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, एमआयडीसीत सळईच्या कारखान्यांत जाणारे आहेत. वारा तिकडचा असला तर कारखान्यांचा भोंगा घरात ऐकू येतो, इतकं शहर जवळ. पक्का रस्ता मात्र समोरच्या काठाने जातो. उन्हाळ्यात पाणी आटलं की तलावाच्या पोटातून पायवाट पडते आणि माणूस सरळ रस्त्याला लागतो. तलाव भरला की पाळेवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, सांडवा ओलांडून मोठा वळसा. म्हणून आम्हाला जालना मे महिन्यात जवळ असतं आणि दिवाळीत लांब. तलाव भरला की सगळ्यांना आनंद होतो. आमच्याकडे कॉलेजला जाणाऱ्या मुली तेवढ्या त्यातून वगळायच्या.

पुरुषमंडळींकडे मोटारसायकली आहेत. रस्त्यावर काळी-पिवळी जीपही मिळते, पण तिच्यात माणसं दाराबाहेर लोंबत असतात आणि मुलींना तिच्यात बसू द्यायला घरचे तयार नसतात. मुलींची भिस्त त्या एका गाडीवर.

परातीची सुरुवात मामींनी ठरवून केलेली नव्हती. एका सकाळी त्या काठावर बसून राखेने परात घासत होत्या. ऊन चमकलं. समोरच्या ड्रायव्हरला वाटलं, कुणीतरी बोलावतंय. त्याने गाडी थांबवली, इकडेतिकडे पाहिलं आणि पाळेवरून येणारी मुलगी त्याला दिसली. ती चढली. मामींनी हे सगळं हातात राख तशीच धरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी परात घासायची नव्हती, तरी त्या काठावर आल्या.

साऱ्या वस्तीच्या या मामी जाफराबाद तालुक्यातून लग्न होऊन इथे आलेल्या. अंगाने किरकोळ, आवाजाने नव्हे. मुली निघाल्या की त्यांचं एकच वाक्य मागून यायचं, "जल्दी जा, पळू नको." पाळेची माती शेवाळलेली असते आणि सांडव्यावरून पाणी वाहत असलं की तिथे भलेभले घसरून बसतात.

"मामी, या दोन्ही गोष्टी एकदम कशा करायच्या?" एकीने एकदा विचारलं.

"सासरी गेली म्हंजे येतंय आपोआप," मामी म्हणाल्या. "तवर चाल."

परात सगळ्यांसाठी नसे. मला उशीर झाला तेव्हा मी पाळेवरून मोठ्या आशेने मागे वळून पाहिलं. मामी काठावर उभ्या होत्या, परात काखेत होती, आणि गाडी माझ्यादेखत निघून गेली. संध्याकाळी मी तक्रार केली.

"तुमच्यासाठी न्हाई वो ती," त्या म्हणाल्या. "तुमी झोपून उशीर करता. पोरींना घरचं पाणी भरून उशीर व्हतो. तुमाला जीप हाय."

बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आमच्यात आहेत. त्यांनी सुचवलं, की ड्रायव्हरचा नंबर घ्या आणि फोन करा. मामींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "गाडी चालवताना त्याचा फोन खिशात ऱ्हातो, साहेब. डोळे उघडेच ऱ्हातेत."

ढगाळ दिवसांत परातीचा उपयोग नसे. त्या दिवसांत मामी घरोघर जाऊन मुलींना कोंबड्याच्या आधी उठवत. कोंबडे नंतर आरवत, आणि त्यांच्या आरवण्यात थोडा अपमान ऐकू येई.

या मुलींत शीतल होती. जुन्या घरांतली, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. तिची सकाळची वॉर्डातली ड्यूटी असे, आणि उशिरा आलेल्या मुलीला तिथून परत पाठवत. वडील सळईच्या कारखान्यात रात्रपाळीला. माणूस वाईट नव्हता, पण थकलेला होता आणि भितराही होता. पावसाळ्याअखेर शीतल सांडव्यावर घसरली, कपडे भिजले, घरी परत आली. तेव्हापासून तो म्हणू लागला होता, "कशाला जीव धोक्यात घालायचा? बारावी झाली, बस झालं."

त्यात साहेबांनी गच्चीवर नवा पत्रा टाकला.

उन्हापासून आडोसा एवढाच त्यांचा हेतू. पण पत्र्याचा उतार उगवतीकडे होता. सकाळ झाली की पत्रा तलावापलीकडे लखलखायचा, आणि बराच वेळ लखलखत राहायचा. गाडी थांबली. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही थांबली. मुलींना तर त्या दिवशी सुट्टी होती. गाडीतले लोक ओरडू लागले, आणि पुढच्या सोमवारी ड्रायव्हरने ठरवलं, की आता काही चमकलं तरी बघायचं नाही. त्या सोमवारी मामी परात हलवत राहिल्या आणि शीतल पाळेच्या टोकावर असताना गाडी निघून गेली.

कॉलेजने तिला सांगितलं, की आता एक दिवस जरी बुडला तर परीक्षेला बसता येणार नाही. वडिलांनी सांगितलं, की मग नाव काढून घेऊ.

दुपारी मी जालन्याहून परतलो, तेव्हा थांब्यावर मामी उभ्या होत्या. गाडी तीच, ड्रायव्हर तोच. मी उतरलो आणि मामी चढल्या. ड्रायव्हरच्या जाळीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"काहो डायवर, पोरीला सोडून गेल्ते सकाळी?"

"मामी म्हंत्यात त्या तुमीच का? काय खेळ लावलाय? रोज थांबून राह्यलो, माणूस एक न्हाई. लोकं माझ्या नावानं बोंबलून राह्यले."

"ती मी नव्हते. त्यो पत्रा व्हता."

"आता मला इकडून काय कळतं, पत्रा कोन अन् मामी कोन?"

गाडी हसली. मामी हसल्या नाहीत. त्यांना प्रश्न बरोबर वाटला होता. जरा वेळ विचार करून त्यांनी हाताचा पंजा ड्रायव्हरच्या तोंडासमोर धरला, मिटला, उघडला, पुन्हा मिटला.

"पत्र्याची पापणी लवत न्हाई. माझी लवंल. आता कळंल?"

"कळंल," तो म्हणाला. "आता उतरा, न्हाईतर भोकरदनला न्यावं लागंल."

गावात परतून त्या साहेबांच्या दारात गेल्या आणि पत्रा रंगवायला सांगितला. साहेबांनी समजावलं, "मामी, हा रंगवायचा पत्रा नाही. हा गंजत नाही."

"गंजत न्हाई ना, मंग रंग पण धरून ठेवंल," मामी म्हणाल्या. साहेबांनी हिरवा रंग दिला. आमच्या काठावर आजही ती एकच गच्ची दुरून शेतासारखी दिसते.

त्यानंतर परात एकसारखी चमकेना. मामी ती जराशी तिरकी करायच्या, सरळ करायच्या, पुन्हा तिरकी. पलीकडे गाडी थांबायची. शीतलचा एकही दिवस बुडला नाही. वडील नाव काढायचं बोलले नाहीत, पण तो बेत त्यांनी सोडलाही नव्हता.

प्रात्यक्षिक परीक्षा हिवाळ्यात आली. त्या दिवशी कसलीच जोखीम नको म्हणून वडिलांनीच सांगितलं, "कामावरून येतो अन् मोटारसायकलवर सोडतो." वस्तीतल्या सगळ्यांना ते पटलं. मामींनाही.

सकाळी तलावावर धुकं होतं. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं. वडिलांची वाट पाहत शीतल दारात उभी होती. ते आले, ते मोटारसायकल ढकलत. वाटेत चेन तुटली होती. हात काळे झालेले, तोंड उतरलेलं.

"आता?" शीतल म्हणाली.

"आता ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "गाडी काय दिसून राह्यली का कोनाला? नशिबात न्हाई म्हनायचं."

"नशीब तुझ्या चेनीत अडकलंय, तिच्या न्हाई," मामी म्हणाल्या. "शीतल, निघ. जल्दी जा, पळू नको."

मलाही त्याच गाडीने जायचं होतं. मी तिच्यामागे निघालो. पाळेवर पुढचं पाऊल तेवढं दिसत होतं. सांडव्याचं पाणी दिसण्याआधी ऐकू आलं. शीतलने चपला हातात घेतल्या आणि दगड चाचपत गेली. तिने एकदाही वर पाहिलं नाही. पाहण्यासारखं वर काही नव्हतंच. गाडीची वेळ होऊन गेली होती, हे दोघांनाही कळत होतं.

पाळ निम्मी झाली असेल, तेव्हा समोरून हॉर्न आला. छोटासा. मग थांबून पुन्हा छोटासा. मग पुन्हा.

शीतल उभी राहिली. "सर, तो आपल्यासाठी वाजवून राह्यला का?"

मला खात्री नव्हती. मी तसं सांगितलं. ती चालू लागली, आणि आवाज थांबला नाही. आम्ही त्याच्या दिशेने गेलो. धुक्यातून आधी दिवे दिसले, मग गाडी. दारातच एक प्रवासी घड्याळ दाखवत ड्रायव्हरशी भांडत होता. ड्रायव्हरचा हात हॉर्नवर होता.

"परात दिसली?" शीतलने दम खात विचारलं.

"धुक्यात काय दिसतंय डोंबल," तो म्हणाला. "पण मामी तर उभ्या आसतीलच ना. चल, बस."

काठावर काय झालं, ते शीतलच्या वडिलांनी मला नंतर सांगितलं. मामी खरोखरच उभ्या होत्या, परात धरून, आणि ती तिरकी-सरळ करत होत्या. वडील म्हणाले, "मामी, काय करून राह्यली? ऊनच न्हाई."

"मला म्हाईत हाय. मंग काय, हात बांधून उभी राहू?"

मग पलीकडून हॉर्न आला. मामींनी परात खाली घेतली आणि ऐकत राहिल्या. हॉर्न बंद झाला, गाडीचा आवाज निघाला, जालन्याकडे गेला, विरला. वडिलांना वाटलं, आता ही बाई रडेल. त्या म्हणाल्या, "आता जा, चेन नीट करून आण."

शीतल पास झाली. पुढची वर्षंही पार पडली. आता ती जालन्यात एका दवाखान्यात नर्स आहे. सुट्टीला येते तेव्हा वस्तीतल्या म्हाताऱ्यांचं बीपी बघते आणि त्यांना रागावते. रागावण्याची पद्धत कुणाची, हे आम्ही सगळे ओळखतो.

मामी मागच्या उन्हाळ्यात गेल्या. आजारपण लांबलं नाही, आणि शेवटच्या दिवसांत शीतल रजा काढून जवळ होती. तलाव तेव्हा आटलेला होता. बातमी रस्त्यापर्यंत पोचली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो ड्रायव्हर तलावाच्या पोटातून पायवाटेने चालत आला. गाडी त्या दिवशी दुसऱ्याकडे होती. या काठावर तो पहिल्यांदाच येत होता. घरच्यांना भेटला, पाणी प्याला, आणि निघताना काठावर जाऊन उभा राहिला. समोरून एक ट्रक जात होता.

"इतकी बारकी दिसते गाडी इथून?" तो म्हणाला. बराच वेळ पाहत राहिला. "अन् मला वाटायचं, मीच लांबून बघून राह्यलो."

यंदा तलाव पुन्हा भरला. तो ड्रायव्हर आता दुसऱ्या मार्गावर आहे. नव्याला कुणी काही सांगितलेलं नाही. शीतलची धाकटी बहीण अकरावीला जालन्यात जाते, आणि पाळेचा वळसा आहे तेवढाच आहे.

परवा मी थांब्यावर लवकर पोचलो होतो. रस्त्याकडेला शीतलच्या वडिलांची मोटारसायकल उभी होती. रात्रपाळी करून ते घरी न जाता तिथेच थांबले होते, डोळे लाल. गाडी आली. मी चढलो. ते चढले नाहीत. त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा रस्त्यावर, आणि दाराचा दांडा धरला. पाळेवर दूर एक निळी ओढणी दिसत होती.

कंडक्टर म्हणाला, "ओ भाऊ, चढता का उतरता?"

"दोन्ही न्हाई," ते म्हणाले. पाय काढला नाही.