भिंतीपलीकडचा सदतीस डिग्रीचा माणूस

मी माझी अक्कल भर दुपारी कशी गहाण ठेवली, ते ऐकाच. हसायचं असेल तर शेवटी हसा, कारण मधे मी खरंच टरकलेलो.

कोपरला आमच्या शेजारचा फ्लॅट दोन वर्षं बंद आहे. मालक वारले, मुलगा परदेशात. त्या बंद फ्लॅटच्या पलीकडे सुर्वेकाकू राहतात, एकट्या. एका दुपारी त्या बॅग भरूनच आमच्याकडे आल्या.

"अरे, रोज ह्या वेळेला त्या बंद खोलीतून टकटक येते. मी चालले लेकीकडे, कळव्याला. चाळीस वर्षांचं घर, सोडवत नाही रे. आत कोणी नाही एवढं कोणी छातीठोक सांगितलं, तर राहीन."

आता मी ठाण्याच्या कॉलेजात शिकवतो काय, तर नेमकं हेच गणित! आत पाऊल न टाकता, फक्त भिंतींवरचे आकडे घेऊन खोलीत उष्णता कशी पसरलीय ते काढायचं. म्हटलं, "काकू, कुलूप न उघडता सांगतो."

कोरोनातली ताप मोजायची बंदूक काढली. एक भिंत आमच्या घरातून मोजली, एक काकूंच्या, एक जिन्यातून आणि चौथी बाल्कनीतून लोंबकळून. बायको मागून शर्ट धरून उभी होती. कुठेच तिसाच्या वर आकडा नाही.

लॅपटॉपवर गणित लावलं. खोलीभर एकोणतीस, तीस. आणि आमच्या भिंतीपासून हातभर अंतरावर एकच ठिपका, सदतीस.

सदतीस म्हणजे काय, माहितीये ना? जिवंत माणसाचं अंग.

नियम असा, की आत ऊब देणारं काही नसेल तर आतलं तापमान भिंतींच्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे काहीतरी होतं. खोलीतल्या ज्या ज्या ठिपक्यावरचं तापमान लॅपटॉप काढत होता, ते ठिपके मी नीट बघावं म्हणून आणखी दाट घेतले. आता तो वीतभर अंतरावर, एकोणचाळीस. अजून दाट केले. चार बोटांवर, एकेचाळीस.

"पुढे सरकतोय," मी पुटपुटलो.

"कोण?" बायकोने विचारलं.

"जो आहे तो."

तेवढ्यात भिंतीपलीकडे टकटक झाली. काकूंचे डोळे भरून आले. "संपलं. माझं इथलं अन्नपाणी उठलं," म्हणाल्या आणि बॅग उचलून दारापर्यंत गेल्या. तिथे थबकल्या.

"जाता जाता एक कर. ह्या तुझ्या हॉलचं काढून दाखव. इथे कोण कोण आहे ते तरी आपल्याला माहितीये."

काढलं. आम्ही तिघं कुठेच नाही. सोफ्यामागे मात्र, भिंतीला खेटून, त्रेचाळीस डिग्रीचा एक इसम.

कोणी हलेना. शेवटी बायको वाकली. मागे नुसती धूळ.

मग डोक्यात प्रकाश पडला. अहो, भिंतीच्या अगदी जवळ गेलं की हे गणित बिघडतं, आकडे उगाच फुगतात. ठिपके दाट केले की कडेचा ठिपका भिंतीच्या आणखी जवळ जायचा; पुढे सरकत होते ते माझेच ठिपके.

"हे तुला माहीत नव्हतं?" काकूंनी विचारलं.

"होतं की. पहिल्याच तासाला सांगतो मी मुलांना."

पुन्हा टकटक झाली. मी टुणकन सोफ्यावर चढलो. काकू मात्र शांतपणे खाली बसल्या आणि बॅगेतल्या साड्या बाहेर काढायला लागल्या.

"मी राहते रे. तिथे कबुतर असेल, नाहीतर असेल कोणी बिचारं. मला आता काळजी लागलीय ती तुझ्याकडे शिकणाऱ्या पोरांची."