कपिलेचे गोमूत्र

धाकट्या भावाने कुम्हारी गावाच्या पलीकडे दीड एकर जमीन घेतली, तेव्हापासून त्याचे आणि शेजारच्या गोठेवाल्याचे वैर धुमसत होते. दोघांच्या मध्ये केवळ एक मातीचा बांध. गोठ्यातील शेणामुताचा ओघळ तो बांध फोडून भावाच्या वांग्यांत शिरे. एकदा भावाने कुदळीने गोठ्याच्या सांडपाण्याची नळी ठेचली. दुसऱ्या दिवशी वांग्यांत म्हशी शिरल्या, आणि भावाने त्यांतील एकीला असे झोडपले की तिच्या नाकपुडीतून रक्त ठिबकू लागले. मी दर एकादशीला रुआबांध्याच्या माझ्या घरून शेतावर जाई आणि दोघांनाही शांत राहण्याचा उपदेश करी. दोघेही श्रद्धेने माझ्या पाया पडत, आणि माझी पाठ वळताच पुन्हा आपापली काठी उचलीत.

भावाची मुलगी कृषी प्रयोगशाळेत नोकरीस आहे. कासेच्या रोगासाठी गाईंना प्रतिजैविकाच्या सुया देतात, ते औषध शेणामुतातून मातीत उतरते, असे तिने आम्हांस सांगितले. बापाने डोकी फोडण्यापेक्षा मातीलाच विचारावे, असा तिचा आग्रह होता. तिने दोन जागा निवडल्या. एक बांधालगतची, जेथे ओघळ येतो. दुसरी विहिरीजवळची, जेथे शेण कधीच पडले नव्हते, म्हणजे दोहोंची तुलना होईल. प्रत्येक जागी तिने संध्याकाळी चार खुंट्या रोवल्या आणि बापाला बजावले, "उद्या सकाळी खोदणार मी. तोवर इथं काही टाकायचं नाही, बाबा." सकाळी खोदायचे आहे एवढे मला ठाऊक होते; तेथे काही टाकू नये, हे मात्र तिने मला सांगितले नाही. मजकडून अपाय होईल, अशी शंका तिला कशी यावी?

मी चाळीस वर्षे संस्कृत शिकविले. भूमीला क्षमा मागितल्यावाचून तिच्या अंगात लोखंड घालू नये, हा आमच्या घरचा नेम आहे, आणि क्षमा मागण्यापूर्वी ती जागा गोमूत्राने शुद्ध करावी, हा माझ्या वडिलांचा. त्या रात्री मी शेतावरच मुक्कामी होतो. पहाटे स्नान करून, पितळेचा तांब्या घेऊन मी गोठेवाल्याकडे गेलो. त्याच्या गाईंत एक कपिला होती, मधासारख्या रंगाची. कपिलेचे गोमूत्र सर्वांत पवित्र.

"गुरुजी, इसको पाँच दिन से सुई लग रही है," तो म्हणाला, "दूसरी का ले लो."

"गाय आजारी झाली म्हणून अपवित्र होत नाही," मी त्याला समजावले.

त्याने हात जोडले. "आप ज्ञानी आदमी हो. मैं क्या बोलूँ."

मी आठही खुंट्यांपाशी बसलो, प्रार्थना म्हटली आणि मुळांपर्यंत खोल भिजेल असे अर्घ्य दिले. बांधालगतची जमीन आधीच ओलसर होती. विहिरीजवळची कोरडी भूमी मात्र तहानेल्यासारखी सारे पिऊन गेली. तासाभराने पुतणी आली. वरचा थर खरडताना तिने विचारले, "इथं ओलं कसं?" भाऊ म्हणाला, "दव पडलं असन." मी जवळच उभा होतो. केलेले पूजन बोलून दाखवू नये, अशी मला शिकवण होती. ती माती तिने काळ्या पिशवीत भरली, बर्फात ठेवली आणि नेली.

काही दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. भाऊ खाटेवर बसला होता, मी त्याच्या शेजारी. बांधालगत औषध सापडले होते. "पण विहिरीजवळ त्याहून जास्त आलंय, हे मला पटत नाही, बाबा, मी पुन्हा..."

पुढचे त्याने ऐकलेच नाही. फोन मातीत पडला.

"माह्या विहिरीपाशी आणून ओतलं त्यानं! लेकरं पितात माही त्या पाण्यातून!" त्याने फावडे उचलले. "दादा, तुम्ही मधात येऊ नका."

मी त्याच्यामागे धावत गोठ्यात पोचलो. गोठेवाला कपिलेच्या कासेखाली बसून धार काढीत होता. मागून आलेला घाव त्याला दिसलाही नाही. फावड्याची कड कानावरून गेली, आणि अर्धा कान गालावर लोंबू लागला. बादली कलंडली. दुधात रक्ताची धार शिरताना मी पाहिली. कपिला दोर ताणून हंबरली. दुसरा घाव तिच्या गुडघ्यावर बसला आणि ती पुढच्या पायांवर कोसळली.

ती कोसळताना तिची मान माझ्याकडे वळली, आणि त्या क्षणी मला तांब्या आठवला. सुई आठवली. विहिरीजवळचे औषध कोणी ओतले होते, ते मला लख्ख कळले.

मी बोललो नाही. लाज आडवी आली. तेवढ्यात गोठेवाल्याने जमिनीतला खुंटा उपटून भावाच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळक्या फांदीचा असतो तसाच. तरी मी बोललो नाही. दुसऱ्या तडाख्याने भाऊ शेणात आडवा झाला. गोठेवाल्याने दोन्ही हातांनी खुंटा त्याच्या मस्तकावर उगारला, तेव्हा कोठे माझ्या तोंडून शब्द फुटले.

"थांब! विहिरीपाशी औषध तू ओतले नाहीस! मी ओतले. या कपिलेचे गोमूत्र, त्या खुंट्यांपाशी, मी!"

खुंटा वरच राहिला. त्याच्या हनुवटीवरून रक्त गळत होते.

"मैं तो बोला था, गुरुजी," तो म्हणाला. "सुई लगी है, बोला था न?"

भाऊ खाली पडल्या पडल्याच माझ्या पायांवर थुंकला.

भावाच्या मनगटात सळई बसविली. गोठेवाल्याचा कान शिवला गेला, पण त्या कानाने आता त्याला ऐकू येत नाही. कपिला लंगडते. दोघांनीही पोलिसांत तक्रार केली नाही, कारण केली असती तर माझे नाव सांगावे लागले असते.

पावसाळा सरल्यावर पुतणीने पुन्हा माती घेतली, दोन्हीकडे नव्या जागी, आणि प्रथम माझे हात तपासले. "तांब्या कुठाय, मोठेबाबा?" "घरी ठेवला," मी म्हणालो. या खेपेस विहिरीजवळची माती निर्दोष निघाली. बांधालगतची नाही. भावाची तक्रार मुळात खरीच होती. गोठेवाल्याने ओघळ आपल्याच बाजूच्या खड्ड्यात वळविला. पुतणीने तपासणीचा कागद दाखवला एवढे पुरले. फावड्याची गरज कधीच नव्हती.

ती दुसऱ्यांदा खोदू लागण्यापूर्वी मी रिकाम्या हातांनी भूमीपुढे बसलो होतो. भाऊ बांधावर उभा राहून पाहत होता, सळई घातलेला हात छातीशी धरून.

"जमिनीची माफी मागून झाली?" तो म्हणाला. "माही कवा मागसान, दादा?"

थोरल्याने धाकट्यापुढे वाकू नये, हेही मी शिकविले आहे. मी उठलो, बांधाजवळ गेलो आणि त्याच्या पावलांकडे हात नेला. त्याने पाय मागे घेतला. मी हात तेथेच, मातीवर ठेवला.