लगेजबाबूंचं तिकीट

सोलापूर स्टेशनवर लगेजबाबूंच्या काट्यावरून जादा वजनाचं गाठोडं फुकट सुटल्याचं कुणी सांगितलं, तर सांगणारा खोटं बोलतोय असं खुशाल समजावं. भवानी पेठेत ते आमचे शेजारी. बारशाला गेले तरी बाळ हातात घेऊन आधी वजन किती शेर ते सांगत, मग आशीर्वाद देत. एका व्यापाऱ्याने वजन चुकवायला अंगावर तीन कोट चढवले, तेव्हा म्हणाले, "अंगावरच्या कापडाला पैशाचा आकार न्हाय. पण उन्हात जिवाला जपा." त्यांची बायको अक्कलकोटला माहेरी निघाली, तर तिच्याही कडक भाकरीच्या टोपलीची पावती फाडली. ती आठ दिवस बोलली नाही. हे मात्र पावती बरोबर होती, एवढंच सांगत राहिले.

माझे यजमान वारल्यावर मला पुण्याला शिक्षिकेच्या शिक्षणासाठी जागा मिळाली. दीर म्हणाले, "जायचंय तर एकटी जा." ट्रंक, वळकटी आणि पोट भरायचं शिवणयंत्र घेऊन मी एकटीच स्टेशनवर आले. लगेजबाबूंनी सगळं काट्यावर चढवलं.

"अक्का, लई जादा भरतंय की."

"मग यंत्र राहू दे," मी म्हटलं, आणि ते उतरवायला वाकले.

"थांबा हितंच," म्हणून ते आत गेले. रजेचा अर्ज टाकून, कामाचा कोट उतरवून, धोतर-टोपीत परत आले. हातात पुण्याचं तिकीट. रेल्वेचा पास होता, पण तो खाजगी कामाला वापरणं त्यांना पटेना. "आता दोन तिकिटं झाली. दोघांच्या मिळून फुकट वजनात यंत्र बसतंय."

पुण्यात त्यांनी मला वसतिगृहाच्या फाटकापर्यंत पोचवलं. तिथे मी विचारलं, "जादा आकार किती झाला असता?"

"तिकिटाच्या निम्म्यापरीस कमी."

"मग तिकीट कशाला काढलंत?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुमाला एकटं पाठवायचं जिवावर आलं, अक्का."

मला रडू फुटलं आणि आभार राहूनच गेले. शिक्षिका होऊन सोलापुरात परतले, तोवर ते निवृत्त होऊन गावी गेले होते. मी लांबलचक पत्र लिहिलं. उत्तराच्या कार्डावर माझ्या आभारांबद्दल अवाक्षर नव्हतं. फक्त विचारलं होतं, "वर्गात मुली किती हायत?" मी त्यांना प्रत्येकीचं नाव लिहून पाठवलं.