खिळ्यावरची झडप

साठ सालानंतरची गोष्ट. मारेगावले सडकेच्या काठी माझं टिनाचं गॅरेज होतं, अन् पंचवीस मैलांत माझ्याहून हुशार मिस्त्री नाही, असं माझं स्वतःचं ठाम मत होतं. डॉक्टरीणबाईच्या गाडीनं ते मत धुळीला मिळवलं.

बाई सोळा मैलांवरच्या खेड्यात दवाखाना चालवत. गाडीही स्वतःच चालवत. दर सोमवारी सकाळी झरीकडच्या जंगलातल्या गावांची फेरी करत. त्यातल्याच एका गावी माझी बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलती. तिचे पाय सुजत होते, अन् बाईनं बजावलं होतं की दर आठवड्याले तपासणी झालीच पाहिजे.

पौष लागला अन् गाडीनं अंग टाकलं. सकाळी कशीबशी सुरू होये, खोकलत चाले अन् जंगलातल्या चढणीवर बंद पडे. दोन सोमवार फेरी बुडाली. बाई दुपारी गाडी माझ्याकडं आणत, तर माझ्या दारात ती अगदी गरीब गाय. मी कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले, पॉइंट घासले, अन् दरवेळी छाती फुगवून सांगतलं, झालं बाई, न्या. तिसऱ्यांदा बाई शांतपणे म्हणाल्या की गाडीले गिऱ्हाईक आलं आहे. सोमवारी चढण चढली नाही तर विकून टाकणार. मग फेरी बंद, लोकांनी बंडी जुंपून दवाखान्यात यावं.

सुजल्या पायाची माझी बायको बंडीत, त्या दगडधोंड्यांतून? अन् मग डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे लेका, सोळा मैल पळून तापलेली गाडी तू तपासून राह्यला! ताप उतरल्यावर नाडी धरणारा वैद्य तू! मले स्वतःचा असा राग आला अन् त्याच्या दुप्पट आनंद झाला, की तशीच सायकल काढली अन् शनिवारी संध्याकाळी दवाखाना गाठला. ओसरीवर पडलो, पण झोप कसली येते?

रविवारी फटफटल्यावर बाई शाल गुंडाळून आल्या. चोक ओढून गाडी सुरू केली. खोकली, थरथरली, धूर ओकली. मले तर लहान पोरासारखी उकळी फुटली होती. आजवर जी आपलं दुखणं माझ्यापासून लपवून राह्यली होती, ती आज पहिल्यांदा माझ्यासमोर आजारी होती! मी बाजूले बसलो. पाच मैल गेलो, चढण लागली अन् गाडी मेली. मी उडी टाकून बोनेट उघडलं, रेडिएटरवर हात ठेवला. पाच मैलांनंतर हात भाजायले पाहिजे होता. अन् हे पाणी कसं, तर तान्ह्या लेकराले आंघोळ घालावी असं कोमट.

इंजिन तापतच नाही, एवढं कळलं. पण काहून तापत नाही? मी विचार करत उभा राह्यलो. तेव्हा बाई म्हणाल्या, "मिस्त्री, आम्ही रोग्याला आधी विचारतो, हे दुखणं सुरू व्हायच्या आधी कोणी काय औषध दिलं होतं?"

मले एकदम वैशाख आठवला. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी एक पितळी झडप असते, थर्मोस्टॅट. आमच्याकडं वैशाखात रेडिएटर उकळतात, म्हणून आम्हा साऱ्या मिस्त्र्यांचा एकच इलाज ठरलेला, ती झडप काढून टाकायची. बाईची गाडी वैशाखात उकळली होती. झडप मीच काढली होती. माझ्या गॅरेजात खिळ्यावर तारेत ओवलेली अशा झडपांची माळच होती, येणाऱ्या-जाणाऱ्याले मी ती कौतुकानं दाखवत असे. काखेत कळसा अन् गावाले वळसा!

गुपचूप बसवून टाकता आली असती. पण जीभ ऐकेना. म्हटलं, "बाई, औषध मीच देल्लं होतं."

बाई हसल्या. "आमच्यातही असं होतं मिस्त्री. आम्ही फक्त ते खिळ्याला टांगत नाही."

रेडिएटरपुढं गोणपाट बांधलं, तेव्हा कुठं इंजिन तापलं अन् आम्ही मारेगाव गाठलं. झडप धुतली, जाड पुठ्ठ्याचं पॅकिंग कापलं, बसवली. मी बाईसोबतच परत गेलो, कारण खरी परीक्षा सकाळची होती.

सोमवारी दहिवर पडलं होतं. गाडी एकदा खोकली अन् मग सुरात लागली. चढण आली तसा मी पायाची बोटं आवळून बसलो. बाईनं गिअर टाकला अन् गाडी वर! मी टपावर थाप मारून असा ओरडलो की झाडावरचे वानरं पळाले. बाईनं गाडी विकायचं पुन्हा नाव काढलं नाही.

सासऱ्याच्या आंगणात बायको उभीच होती. मले गाडीतून उतरताना पाहून तिनं विचारलं, तुम्ही काहून आले? सासूसासरे ऐकत होते, साळे ऐकत होते. मी सांगून टाकलं की गाडी मीच बिघडवली होती, अन् दोन आठवडे दुसरीकडंच शोधून राह्यलो होतो.

तिनं एक हात कमरेवर ठेवला. "अन् मी इथं दोन सोमवार सडकेकडं पाहून राह्यली होती," ती म्हणाली, अन् तपासून घ्यायले बाईच्या मागं आत गेली.