सोप्या वाटेचे व्याही

डोंगर चढायला दम लागतो, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, डोंगराच्या मधोमध कळलं.

सावंतवाडीत जन्म काढलेल्या माणसाला सह्याद्रीचं काय कौतुक! मी तो रोज बघतो. (गॅलरीतून. चहा पिताना.) त्यामुळे पुण्याहून आईवडिलांना घेऊन आलेला निहार जेव्हा म्हणाला, "काका, उद्या एखादा छोटा ट्रेक करूया का?" तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "छोटा कशाला?"

निहार आणि आमची तन्वी एकमेकांना केव्हाच पसंत होती. निहारच्या आईलाही तन्वी आवडली होती. घोडं अडलं होतं ते त्याच्या वडिलांपाशी, भास्कररावांपाशी. हा गृहस्थ दोन दिवसांत एकच शब्द बोलला होता : "बघू." आमचं घर कसं वाटलं? बघू. बांगडा कसा झालाय? बघू! अहो, ताटातला बांगडा संपला तरी बघूच!

"बाबा," तन्वीने मला दम भरला, "उद्या त्यांच्यासमोर लग्नाचा ल काढायचा नाही. कुणी घाई केली की ते सरळ नाही म्हणतात. निहारच कबूल करतो. माझं लग्न मोडलं तर तुमच्यामुळे मोडेल!"

मी घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवलं.

मग प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे मी तीन वाटा आखल्या. डोंगरापलीकडे देवीचं देऊळ आहे, तिथे सगळ्यांनी जेवायला भेटायचं. कठीण वाट सरळ उभ्या चढाची : तिथे निहार, तन्वी आणि (अर्थातच!) मी. मध्यम वाट काजूच्या बागेतून : आमची ही आणि निहारची आई. सोपी वाट डोंगराला वळसा घालून वाडीतून : तिथे गुडघेदुखीवाले भास्करराव, आणि सोबतीला माझी मोठी बहीण अक्का. त्याच वाडीत अक्काचं सासर. वाट चुकायची भीती नाही. काय माझी योजना! मी स्वतःवरच खूश होतो.

पहिल्याच चढावर माझ्या छातीचा भाता झाला.

"बाबा, तुमचं तोंड बघा कसं झालंय!"

"ऊन लागतंय गो."

"ऊन पाठीवर आहे, बाबा!"

शेवटी एका दगडावर मी असा काही बसलो की उठेचना. तन्वी म्हणाली, "तुम्ही खाली जा आणि सोप्या वाटेने या." मी मोठ्या मनाने तिचं ऐकलं. (उतरताना बराचसा डोंगर मी बसूनच उतरलो.)

वाडीतल्या पहिल्याच घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, एक वहिनी उभ्या होत्या. "येवा, येवा भाऊ! तुमचे व्याही आत्ताच चाय घेवन गेले."

"कोण व्याही?"

"तन्वीचे सासरे! अक्कान सांगल्यान मां!"

अक्का! सगळ्यांना बजावलं, पण ती सकाळी परस्पर वाडीत आली, तिला सांगायचंच राहिलं! फोन लावला, तर रेंज नाही. मी धावायला लागलो.

"पळतास खंय? व्याह्यांका चाय आणि मुलीच्या बापसाक नाय?"

प्यायलो! नाही म्हणून सुटका आहे का तिथे?

दुसऱ्या घरी घावणे पुढे आले. "लगीन मे म्हयन्यात धरल्यानी मां? बरां झालां, आंब्यांचो रस होतलो!"

"अहो, अजून काही ठरलेलंच नाही!"

"लाजतास कित्याक? अजून एक घेवा."

तिसऱ्या घरी ओल्या काजूची उसळ होती, आणि लग्नाच्या जेवणाचं काम त्या घरच्या झिलाला, म्हणजे मुलाला, मिळालेलं होतं! माझा काजू घशातच अडकला. चौथ्या घरी एक म्हातारे सनईवाले मूठ उघडून मला म्हणाले, "सुपारी माका गावली." अक्काने त्यांना सुपारी देऊन टाकली होती! खरीखुरी, आपल्या पानाच्या डब्यातली!

संपलं, मी मनात म्हटलं. पोरीचं लग्न मोडलं. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! आणि पोटात एवढं गेलं होतं की धावणंही होईना.

देवळात पोचलो तेव्हा बाकी सगळे येऊन बसले होते. भास्करराव खांबाला टेकून अक्काशी काहीतरी बोलत होते. मी थेट त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिलो आणि तोंडाचा पट्टा सोडला.

"भास्करराव, माफ करा! अक्काचं काही मनावर घेऊ नका. असलं काही ठरलेलं नाही. मी या लग्नाचा विचारसुद्धा केलेला नाही! तुम्ही आत्ता उठून पुण्याला गेलात तरी मला काडीचं वाईट वाटणार नाही!"



भास्कररावांचा चेहरा पडला. "मी तर दुसऱ्याच घरी हो म्हणालो," ते हळूच म्हणाले. "पुण्यात शेजाऱ्याला माझं नाव माहीत नाही. इथे चार घरांनी मला व्याही म्हणून बसवून खाऊ घातलं. फार बरं वाटलं हो. आता मुलीच्या वडिलांनाच हे स्थळ नको असेल, तर..."

"बाबा!!" तन्वी ओरडली.

"मेल्या, तुका कोणी बोलूक सांगल्यान?" अक्का कडाडली. मग भास्कररावांकडे वळून म्हणाली, "मनार घेव नकात. चढ ह्येच्या टकलेत गेलो हा."

दिवेलागणीपर्यंत मी भास्कररावांची मनधरणी करत होतो. शेवटी कसेबसे ते हसले आणि अक्काने सगळ्यांच्या तोंडात साखर घातली.

तन्वीच्या लग्नाला कुणाचीच हरकत नव्हती. सगळी वाडी राजी होती, सनईवाला राजी होता, मुलाचा बापही राजी होता! मोडता घालायला चार घरचं खाऊन, धापा टाकत आलेला एकच माणूस निघाला. तो मुलीचा बाप होता!